एस्टिमेटचं सॉफ्टवेअर आणताय? आधी डोक्यातला हिशेब कागदावर उतरवा

आमच्या छापखान्यात बरीच वर्षं एस्टिमेट म्हणजे वडील. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "हजार प्रती, एकशे साठ पानं, डेमी साइज. किती होतील?" वडील चष्मा कपाळावर सरकवून अर्धा मिनिट छताकडे बघायचे आणि आकडा सांगायचे. पुढे गल्ल्यावर मी बसायला लागलो, तेव्हा त्याच कामाचा माझा आकडा वेगळा यायला लागला आणि डीटीपी करणाऱ्या ताईंचा तिसराच. एका प्रकाशकाने हे बरोबर हेरलं. वडिलांकडून आणि माझ्याकडून आठ दिवसांच्या अंतराने भाव घेतले आणि कमी असलेला कागद हसत हसत टेबलावर ठेवला. सॉफ्टवेअर घ्यायचं त्या दिवशी ठरलं. आणि घाई केली म्हणून पहिलं सॉफ्टवेअर वर्षभरात गुंडाळावं लागलं.

हा लेख पाच-दहा माणसांच्या छापखान्यासाठी आहे. एखादं-दोन ऑफसेट मशीन, जमलं तर एक डिजिटल, लॅमिनेशन आणि बाइंडिंग निम्मं बाहेर. कामं म्हणजे पुस्तकं, बिलबुकं, पत्रिका, हँडबिलं, लेबलं. मशीनच्या कन्सोलपासून बिलापर्यंत सगळं आपोआप जोडणाऱ्या मोठ्या यंत्रणा वेगळ्या. त्यांचा विचार तुमच्याकडे स्वतंत्र प्लॅनिंग खातं उभं राहील तेव्हा करा.

पहिली पायरी : डेमो बघण्याआधी दरपत्रक लिहा

विकणारा माणूस लॅपटॉप उघडतो, चार रकाने भरतो आणि सुंदर कोटेशन छापून दाखवतो. त्यातले दर त्याचे असतात. तुमचे दर अजून कुठेच लिहिलेले नसतात. म्हणून फोन करण्याआधी एक रविवार काढा, ज्याच्या डोक्यात हिशेब आहे त्याला समोर बसवा आणि मागच्या तीन महिन्यांतली वीस कामं एकेक करून विचारा : हा आकडा कसा आला? आमच्याकडे या बैठकीला तीन रविवार लागले. "अंदाजाने" हे उत्तर पहिल्या तासात चौदा वेळा आलं.

कागदापासून सुरुवात करा, कारण तिथे वाद नाही. रिमचं वजन काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं : लांबी इंचात गुणिले रुंदी इंचात गुणिले जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले ३१००. म्हणजे २३ × ३६ च्या ७० जीएसएम मॅपलिथो कागदाचं ५०० शीटचं रीम १८.७ किलोचं. सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा येतो का, ही सगळ्यात पहिली आणि फुकटची परीक्षा.

आता तेच १६० पानांचं पुस्तक घ्या. डेमी १/८, हजार प्रती, आतली पानं एकरंगी, मशीनवर १८ × २३ चं शीट. एका शीटवर दोन्ही बाजू मिळून सोळा पानांचा फॉर्म, म्हणून दहा फॉर्म आणि, प्रत्येक बाजूला एक छपाईची प्लेट धरून, वीस प्लेटी. छोटी शीटं १०,०००, म्हणजे २३ × ३६ ची ५,०००, दहा रिमं. फॉर्ममागे साठ छोटी शीटं वेस्टेज धरलं तर आणखी ३०० मोठी. एकूण ५,३००, म्हणजे १०.६ रिमं, साधारण १९८ किलो. इथपर्यंत शाळेतलं गणित आहे.

खरी गंमत वेस्टेजची. बहुतेक तयार सॉफ्टवेअर वेस्टेज टक्क्यांत मागतात. पाच टक्के लिहिलं, तर ५०० प्रतींच्या चाररंगी कामाला पंचवीस शीटं मिळतात, त्यात रंगही जुळून येत नाही. तेच पाच टक्के ५०,००० हँडबिलांना लावले तर अडीच हजार शीटं फुकट धरली जातात आणि काम शेजारच्या छापखान्यात जातं. मशीनवर बसलेल्या माणसाला विचारा. आमचे मशीनमन मामा म्हणाले, "लावायला एवढी शीटं लागतात, मग पळताना हजारी थोडी जातात." म्हणजे दोन आकडे : फॉर्ममागे ठरावीक, आणि त्यावर धावण्याचा टक्का. हे दोन रकाने ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत, त्याचा पुढचा डेमो बघायची गरज नाही.

छपाईच्या दरातही अशीच एक खोच असते. आपण सांगतो "पहिल्या हजाराला इतके, पुढच्या हजारी इतके". आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरला हे शिकवलं. मग त्याने हजार प्रतींच्या कामात वेस्टेजची साठ शीटं मिळवून १,०६० छाप मोजले आणि प्रत्येक प्लेटला दुसऱ्या हजाराचे पैसे लावले. वीस प्लेटी, वीस वेळा. कोटेशन इतकं फुगलं की गिऱ्हाईकाने फोनवर विचारलं, "सोन्याच्या शाईत छापताय का?" तेव्हा हजारी दर मागवलेल्या प्रतींवर धरायचा की प्रत्यक्ष छापांवर, आणि १,०५० प्रती मागितल्या तर काय करायचं, हे आधी तुम्ही ठरवा.

दुसरी पायरी : मशीनचा तास खरा किती रुपयांचा

हा भाग बहुतेकजण टाळतात. मीही टाळला होता. दर "बाजारात चालतो तो" असतो, आणि बाजारातला दर शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याकडून घेतलेला असतो.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. एका मशीनमागे महिन्याला मशीनमन आणि हेल्पर मिळून पगार ४२,०००, भाड्याचा वाटा १८,०००, वीज १४,०००, कर्जाचा हप्ता ३०,०००, रोलर-ब्लँकेट-दुरुस्ती १०,०००, विमा आणि किरकोळ ६,०००. बेरीज १,२०,०००. पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. भागाकार केला तर तास ६०० रुपयांचा दिसतो.

पण मशीन २०० तास चालत नाही. प्लेट येईपर्यंत थांबतं, वॉशअपला, म्हणजे शाई धुवायला, थांबतं, प्रूफ ओके नाही म्हणून थांबतं, वीज गेली म्हणून थांबतं. आठवडाभर भिंतीला वही टांगून नुसत्या वेळा लिहून घ्या. समजा महिन्याला बिल लावता येण्याजोगे ११० तास निघाले. मग तोच तास १,०९१ रुपयांचा झाला. ६०० धरून ८०० ने काम घेणारा माणूस फायदा झाला म्हणून खुश असतो आणि मार्चमध्ये सीए समोर बसला की गप्प होतो.

हा आकडा गिऱ्हाईकाला सांगायचा नसतो. तो सॉफ्टवेअरमध्ये "कॉस्ट" म्हणून आत राहतो आणि विकायचा दर वेगळ्या रकान्यात. दोन्ही वेगळे ठेवता आले पाहिजेत. नाहीतर घासाघीस करताना आपण कुठपर्यंत खाली आलो हे कळतच नाही.

तिसरी पायरी : तीन अवघड कामं घेऊन डेमोला बसा

विकणाऱ्याने आणलेलं काम बघू नका. आपली तीन कामं द्या, आणि ती मुद्दाम वाकडी निवडा.

एक : वरचंच पुस्तक, पण १६८ पानांचं. १६८ भागिले १६ म्हणजे साडेदहा फॉर्म. हुशार माणूस अर्धा फॉर्म वर्क अँड टर्न लावतो : आठ पानं एकाच प्लेटवर, ५०० शीटं दोन्ही बाजूंनी छापायची आणि मधून कापून हजार नग काढायचे. प्लेटी एकवीस. कच्चं सॉफ्टवेअर अकरा फॉर्म धरतं, बावीस प्लेटी लावतं आणि हजार शीटं मागतं. ही चूक एका कामात लहान दिसते, पण पुस्तकांच्या छापखान्यात जवळजवळ प्रत्येक पुस्तक असं अर्ध्यावर किंवा पाववर संपतं.

दोन : शंभर बिलबुकं, कार्बनलेस कागद, पन्नास सेट, तीन प्रती, नंबरिंग आणि परफोरेशनसह (पान फाडायच्या बारीक भोकांची रेघ). इथे कागद तीन प्रकारचे : वर सीबी (मागच्या बाजूला थर), मध्ये सीएफबी (दोन्ही बाजूंना थर), खाली सीएफ (पुढच्या बाजूला थर), आणि रंगही वेगळे. सेट ५,०००, शीटं १५,०००. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका कामाला एकच कागद निवडता येतो, ते इथे हात वर करतं. विकणारा म्हणेल, "तीन वेगळी जॉब टाका ना." टाकता येतात, पण मग बिलबुकाचा नफा कधीच एका ठिकाणी दिसत नाही.

तीन : एका शीटवर चार पार्ट्यांची व्हिजिटिंग कार्डं. खर्च चौघांत कसा वाटायचा? एकाने प्रूफला उशीर केला आणि तीन पार्ट्यांचंच शीट लागलं, तर?

तिन्ही कामांचा हाताने केलेला हिशेब खिशात ठेवा. आकडा जुळला नाही तर कारण विचारा. कधी कधी सॉफ्टवेअर बरोबर असतं आणि आपण गेली दहा वर्षं पॅकिंगचे पैसे लावायला विसरत असतो.

डेमोतच आणखी चार गोष्टी विचारून घ्या. इंटरनेट गेलं तर काय? वर्गणी माणशी आहे की छापखान्यामागे? मी सोडून गेलो तर माझी सगळी कामं एक्सेलमध्ये काढून मिळतील का? ती आत्ता काढून दाखवा, तोंडी "हो" नको. आणि चौथी आपल्याकडची खास : मराठी चालतं का? आपल्या डीटीपीच्या फायली कैक वर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत आहेत. तिथलं पुस्तकाचं नाव उचलून सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं की विचित्र अक्षरांचा चिवडा दिसतो. नावं युनिकोडमध्येच टाइप करायची, असा नियम पहिल्या दिवशी करा. गिऱ्हाईकांच्या नावांचंही तेच. आमच्याकडे एकच प्रकाशन संस्था तीन स्पेलिंगांनी तीन खात्यांत बसली होती, आणि तिची उधारी तीन तुकड्यांत विभागली गेल्याने कुणाला मोठी वाटतच नव्हती.

तयार विकत घ्यायचं की एक्सेलवर चालवायचं? महिन्याला तीस-चाळीस कामं असतील आणि एकसारखी असतील, तर नीट बांधलेली एक्सेलची फाइल वर्षभर पुरते, असं माझं मत. सूत्रांचे रकाने लॉक करा आणि दर एकाच वेगळ्या पानावर ठेवा. त्यापुढे जायचं असेल आणि घरात कुणाला संगणकाची गोडी असेल, तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे. स्टॉक, ऑर्डर, बिल सगळं त्यात आहे, पण फॉर्म-प्लेटींचं गणित तुम्हाला बांधून घ्यावं लागेल. छपाईसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर महाग पडतं, पण ते गणित तयार मिळतं. टॅली मात्र हलवू नका. हिशेबनीस आणि सीए तिच्यावर सरावलेले असतात. बिल टॅलीत होऊ दे, फक्त बिलाच्या नॅरेशनमध्ये, म्हणजे खालच्या शेऱ्यात, जॉब नंबर आलाच पाहिजे. दोन्हीकडे बिल करायला गेलात तर जीएसटी भरायच्या आदल्या रात्री जुळवत बसाल.

चौथी पायरी : पाकीट आणि जॉब नंबर

प्रत्येक छापखान्यात कामाचं एक मोठं खाकी पाकीट असतं. आत मूळ प्रत, प्रूफं, नमुना, आणि वर मार्करने पार्टीचं नाव. सॉफ्टवेअर आलं म्हणून पाकीट फेकू नका. पाकिटावर जॉब नंबर आणि छापलेलं जॉब कार्ड चिकटवा, एवढाच बदल. नंबर एकच चालतो : कोटेशनपासून प्लेट, कागद, बाहेर पाठवलेलं लॅमिनेशन, डिलिव्हरी चलन, बिल, सगळीकडे तोच. आमचा नियम कडक आहे. नंबर नसेल तर प्लेट निघत नाही, पार्टी दारात उभी असली तरी. (एकदा मेव्हण्याच्या मुलाची पत्रिका नंबराशिवाय छापली. तिचं बिल अजून झालेलं नाही.)

जॉब कार्डावर काय हवं हे सॉफ्टवेअरवाला सांगेल, पण या रकान्यांचा आग्रह तुम्ही धरा.

प्रूफ कुणी, कधी, कोणतं ओके केलं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा हा पुरावा खरा, पण तो फोन बदलला की जातो. त्याचा स्क्रीनशॉट जॉबला जोडता येतो का बघा.

पार्टीचा कागद. काही प्रकाशक कागद स्वतः टाकतात. तो आपल्या स्टॉकमध्ये मिसळला की हिशेब गेलाच. त्याचं गोडाऊन वेगळं दाखवा, किंमत शून्य, पण शीटं मोजलेली. काम झाल्यावर उरलेला कागद किती, हे चलनासोबत लिहून दिलं की प्रकाशक दुसऱ्यांदा येतो.

बाहेरचं काम. बाइंडरकडे किती फॉर्म गेले, किती प्रती परत आल्या. "हजार दिल्या होत्या, नऊशे ऐंशी आल्या" हे डिलिव्हरीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

आणि निवडणुकीचा रकाना. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता छापावा लागतो. छापण्याआधी प्रकाशकाचं दोन प्रतींतलं घोषणापत्र घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या असतात, आणि छापल्यावर त्याची प्रत छापील नमुन्यासह अधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रचाराच्या धामधुमीत रात्री अकराला येणाऱ्या कामात हे हमखास विसरतं. जॉबचा प्रकार "निवडणूक" निवडला की घोषणापत्र जोडल्याशिवाय कार्ड पुढे सरकू नये, अशी अडवणूक बसवून घ्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एवढं होतं.

जीएसटीबद्दल थोडक्यात. छपाईत कर कामाच्या स्वरूपावर फिरतो. २० ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार मजकूर प्रकाशकाचा आणि कागद आपला असं पुस्तक छापून दिलं तर ती सेवा, पण आपल्याच कागदावर पार्टीचा लोगो छापलेली पाकिटं किंवा खोकी म्हणजे माल. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पाच निघाला. त्यामुळे कराचा दर एस्टिमेटच्या सूत्रात कुठेही टाइप केलेला नसावा. कामाच्या प्रकारांचा एकच तक्ता ठेवा, प्रत्येक दरासमोर "या तारखेपासून" लिहा, आणि तो तक्ता एकदा सीएकडून तपासून घ्या. आमच्या एक्सेलच्या जुन्या फायलींत १२ हा आकडा किती ठिकाणी लपला होता, ते शोधायला ताईंचे दोन दिवस गेले.

पाचवी पायरी : कधी सुरू करायचं आणि कुणी भरायचं

दिवाळी अंकांच्या तोंडावर नाही. मार्चमध्ये नाही. शाळा सुरू होताना नाही. आम्ही दुसऱ्यांदा आषाढात सुरू केलं. पत्रिका थांबलेल्या असतात, अंकांचा मजकूर अजून लेखकांकडेच असतो, आणि श्वास घ्यायला चार आठवडे मिळतात. जुनी कामं आत भरायच्या नादाला लागू नका. ठरलेल्या तारखेनंतर आलेलं काम नवीन पद्धतीने, आधीचं जुन्या वहीत संपवायचं. गिऱ्हाईकांची यादी आणि कागदाचा स्टॉक एवढंच आधी भरा, आणि स्टॉक मोजून भरा, वहीतला उचलून नाही. आणि एकक ठरवा. कागद आपण किलोने विकत घेतो, रिमाने बोलतो आणि शीटने वापरतो. सॉफ्टवेअरमध्ये साठा शीटमध्ये ठेवा, बाकी त्याला बदलून दाखवू दे.

पहिला महिना दोन्ही चालवा. कोटेशन वडील हाताने काढणार, ताई संगणकावर. पार्टीला हाताचं जाणार. रोज संध्याकाळी दहा मिनिटं दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. आमचा फरक पहिल्या आठवड्यात काही कामांत वीस टक्क्यांपर्यंत होता, चौथ्या आठवड्यात दोन-तीन टक्क्यांवर आला. त्यातल्या निम्म्या दुरुस्त्या सॉफ्टवेअरमध्ये झाल्या, निम्म्या वडिलांमध्ये. दुसऱ्या निम्म्यासाठी वेळ आणि चहा जास्त लागला.

मशीनमनला संगणकावर बसवू नका. हाताला शाई असते, आणि मनात एक शंका असते की हे सगळं आपल्यावर पाळत ठेवायला आणलंय. मामांना आम्ही एक छोटी छापील चिठ्ठी दिली, जॉब नंबर आधीच टाकलेली. त्यांनी फक्त लावायला घेतल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि मशीनच्या काउंटरचा आकडा लिहायचा. संध्याकाळी ताई ते भरतात. आणि पहिल्या तीन महिन्यांत त्या आकड्यांवरून कुणालाही एक शब्द बोलायचा नाही, हे मी मामांसमोर वडिलांकडून वदवून घेतलं होतं. नाहीतर चिठ्ठीवर प्रत्येक काम बरोबर अंदाजाइतक्याच वेळात संपलेलं दिसतं.

सहावी पायरी : अंदाज आणि प्रत्यक्ष

चिठ्ठ्यांचा उपयोग इथे. महिन्याच्या शेवटी एकच रिपोर्ट काढा : जॉब नंबर, अंदाजात धरलेले तास, लागलेले तास, अंदाजातली शीटं, लागलेली शीटं. पन्नास रिपोर्ट देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हा एकच बघितला तरी पुरतं.

आमचा पहिला धक्का बिलबुकांनी दिला. नंबरिंगला आम्ही अंदाजात तीन तास धरत होतो. त्या महिन्यातल्या चार कामांत ते एकदाही पाच तासांच्या आत उरकलं नव्हतं. वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पूर्वी तीनच लागायचे." खरं होतं. पूर्वी नंबरिंगला असलेले काका निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि दर अजून त्यांच्या हाताच्या वेगाने लागत होता. आम्ही अंदाजात साडेपाच तास टाकले. दोन पार्ट्या गेल्या, बाकीच्यांनी कुरकुर करून वाढीव दर दिला. गेलेल्या दोघांपैकी एक परत आला आहे, आणि आता त्याला कोटेशन ताई काढून देतात.